दस्तगीरमामांची पुढची बाजू

माझ्याकडं पुस्तकांचं एक कपाट आहे. समोरून बघाल तर वाटेल, कुठल्या तरी संस्थानिकाच्या दिवाणखान्यातून उचलून आणलंय. नक्षी काय, कमान काय, पॉलिश काय! आणि मागून बघाल तर मागं फळीच नाही. भिंतीपासून चार बोटं सरकलं की पुस्तकं पलीकडं पडतात. आजवर तीन घरं बदलली. प्रत्येक घरी कुणी ना कुणी म्हणालं, हे धूड टाकून द्या. मी टाकलं नाही आणि टाकणारही नाही, कारण ते दस्तगीरमामांनी केलंय.

"मामा, मागची बाजू राहिली की," मी पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

"मागनं कोण बघणार हाय, बाई?" मामा म्हणाले. चेष्टा नव्हती हो. माणूस खरंच गोंधळला होता.

त्यात त्यांचा दोष नव्हता. सगळं आयुष्य सिनेमाचे सेट उभे करण्यात गेलेलं. देऊळ, राजवाडा, तुरुंग, पाटलाचा वाडा, जे सांगाल ते बांबू, गोणपाट आणि फळ्यांतून आठ दिवसांत उभं. कॅमेऱ्याला जेवढं दिसेल तेवढं करायचं, पलीकडं टेकू द्यायचा, की झालं काम. शूटिंग नसलं की पेठेतल्या लोकांच्या खाटा, पाट, दारं करायची. तीही त्याच पद्धतीनं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या टेबलांचे पुढचे पाय गुळगुळीत आणि मागचे पाय रंधासुद्धा न लागलेले, असा कारभार होता.

मी सत्तर सालाच्या आसपास सांगलीहून कोल्हापूरला आले. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी होती आणि शिवाजी पेठेत माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या होत्या. खाली गल्लीच्या तोंडाला मामांचा कारखाना आणि त्याच्या मागं एक खोली. त्या एका खोलीत मामा, हलिमामामी आणि मुलगी मुमताज. घरात ती माणसं आपल्या बोलीत बोलायची, ती मला बोलता येते पण लिहिता येत नाही. म्हणून इथं सगळे कोल्हापुरीत बोलतील. मामांची हरकत नसती.

मामा उंच, वाळके, आणि दोन्ही कानांवर दोन पेन्सिली. "एक हरवली तर?" म्हणून दुसरी. हरवायच्या दोन्ही. मग कारखानाभर शोध, आणि मामी आतून ओरडायच्या, "डोस्क्याला हात लावून बघा!"

त्यांच्याबरोबर सिनेमाला जाणं म्हणजे शिक्षा होती. पडद्यावर नायक-नायिका काय करताहेत याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नसे. "त्यो खांब माझा. ती भित्ताड माझी. ती पायरी माझी न्हाय, ती कुणी केली काय म्हाईत, बेकार हाय." एकदा पडद्यावर आई वारली. नायकानं हंबरडा फोडला आणि तो खांबाकडं निघाला. सगळं थिएटर डोळे पुसतंय, आणि मामा उभं राहून ओरडले, "टेकू नगंस! आरं, टेकू नगंस, पडंल त्यो!" मागच्या रांगेतून त्यांना जे ऐकून घ्यावं लागलं ते मी लिहीत नाही. मी पदर डोक्यावरून घेऊन खाली वाकून बसले. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच थिएटरात गेलेल्या सहा मुली भेटल्या.

तर हा माणूस एका सकाळी जिना चढून वर आला.

"बाई, सेट म्हंजे काय वो?"

"तुम्ही करता तेच की मामा."

"मग काल उद्यमनगरात गेलतो, तितं इंजिनाचा मिस्त्री म्हणतोय, टायमिंग सेट केलं. तितं कुठला सिनेमा?"

मला माझ्या इंग्रजीची तेव्हा लई घमेंड होती. मी ऐटीत जाडजूड डिक्शनरी काढली आणि तो शब्द उघडून त्यांच्यापुढं धरला. बारीक अक्षरात रकान्यांमागं रकाने. मामांनी बोटानं मापलं, वीत धरून मापलं.

"हे समदं एकाच शब्दाचं?"

"एकाच."

मामांनी कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली. मग म्हणाले, "इंग्रजाकडं लाकूड कमी असणार, बाई. एकाच फळीतनं समदं भागिवलंय."

आणि त्या दिवसापासून वेड लागलं. कारखान्याच्या दाराला जुनी सागवानी चौकट होती. 'सेट'चा एक अर्थ मिळाला की त्या चौकटीत एक खिळा ठोकायचा. पण नियम कडक. डिक्शनरीत आहे म्हणून खिळा नाही. स्वतः जाऊन डोळ्यांनी बघायचं, मग बाईंनी डिक्शनरीतून होकार द्यायचा, मगच हातोडी उचलायची. पहिला खिळा अर्थात सिनेमाचा. मग इंजिनाचा. मग माझ्या कपबशांचा, तालमीतल्या रेडिओचा, सराफाकडच्या गळ्यातल्या-कानातल्याचा. व्हॉलीबॉलच्या खिळ्यासाठी ते मैदानावर सकाळभर बसले आणि पंचाला विचारून आले, "ह्यो सेट मोडला की पुन्ना कोण बांधतंय?"

पेठेतला एक फुटबॉलवाला हात मोडून दवाखान्यात पडला, तेव्हा मामा सगळ्यांच्या आधी पोचले. पोराची आई खूश झाली, बिचारी. हे डॉक्टरला विचारतायत, "सायेब, आता हाड सेट केलं का प्लास्टर सेट झालं?" डॉक्टर म्हणाले, आधी हाड केलं, मग प्लास्टर झालं. मामा उड्या मारत घरी. एका हातात दोन खिळे! तो पोरगा पुढं वर्षभर त्यांना रस्त्यात गाठून विचारायचा, "मामा, पाय मोडू काय?"

आमच्या शाळेतल्या गणिताच्या कुलकर्णीबाईंनी तीन पेरू टोपलीत घालून दाखवले, म्हणाल्या, हाही सेट. मामांनी लक्ष देऊन ऐकलं, एक पेरू उचलून खाल्ला आणि विचारलं, "आता?" बाई म्हणाल्या, आता वेगळा सेट झाला. मामांनी दुसरा खाल्ला. तिसराही खाल्ल्यावर बाई म्हणाल्या, रिकामा असला तरी सेटच. मामा हात पुसत उठले. "जे समदं खाल्लं तरी उरतंय, त्याला खिळा न्हाय."

सूर्य मावळतो त्यालाही हाच शब्द, असं मी सांगितलं तेव्हा मात्र ते माझ्यावर चिडले. तरी नियम म्हणजे नियम. रंकाळ्यावर गेलो. मामा, मामी, मुमताज, मी आणि भेळ. सूर्य पाण्यापलीकडं गेला. मामा तोंडातली भेळ चावायची विसरून बघत होते. परत येऊन त्यांनी खिळा अर्धाच मारला. "पुरा कसा मारू? सकाळी उगवतोय की त्यो." त्या अर्ध्या खिळ्याला पुढं त्यांची टोपी असायची.

हसायला येतं, पण या खिळ्यांच्या नादातच मुमताजच्या लग्नाचा प्रश्न आला.

पंपसेटचा खिळा राहिला होता. त्यासाठी मामा यष्टीनं मुरगूडला गेले. तिथं एका विहिरीवर सलीम नावाचा तरुण फिटर पंप बसवत होता. मामा संध्याकाळी परत आले ते खिळा विसरूनच.

"बाई, येडं पोरगं हाय. पंप उलटा करून खालची बाजू पुसत हुतं! मी म्हटलं, बाबा, ही इहिरीत जाणार, कोण बघणार हाय? तर म्हणतंय, पंपाला कळतंय की."

"मग?"

"मग काय? हात सोन्याचा हाय त्याचा. आपल्या मुमताजला असला पोरगा पायजे." आणि थोडं थांबून, "येडा हाय, पर असलाच पायजे."

सलीम पुढच्या महिन्यात पंपाचे भाग न्यायला कोल्हापुरात आला, तेव्हा मामांकडं पाणी प्यायला थांबला. तीन तांबे प्याला. मुमताजनं तीन वेळा भरून दिला. माणसाला एवढी तहान लागत नाही, हे मला माडीवरून दिसत होतं.

मुमताज माझ्याकडं मॅट्रिकच्या शिकवणीला यायची. त्या आठवड्यात तिनं माझ्यासमोर वहीत एकही ओळ लिहिली नाही. शेवटी मीच म्हणाले, "बोल." तर म्हणाली, "बाई, अब्बानी काय तरी घोळ घातला तर मी काय करू?" आणि रडायलाच लागली. तिचा बाप तिला पुरता ठाऊक होता.

घोळ घातला तो मात्र कादर बांगडीवाल्यानं. कादर मुरगूडच्या बाजाराला जायचा, म्हणून त्याला मध्यस्थ केलं. त्यानं तिकडं जाऊन सांगितलं की मिस्त्रीचं दोन खोल्यांचं ऐसपैस घर आहे. सलीमला आईबाप नव्हते, नानीनं वाढवलेलं. ती नानी म्हणजे कडक बाई असं ऐकून होतो. तिचा निरोप आला: येत्या रविवारी पोरगी आणि घर बघायला येतो.

"खरं काय ते सांगून टाका," हलिमामामी म्हणाल्या.

"आता सांगिटलं तर म्हणतील, मिस्त्री लबाड. खोली हाय म्हणून सांगिटलंय न्हवं? मग खोली करतो की."

"तीन दिसांत?"

"तीन दिसांत म्या राजवाडा केलाय!"

आणि केली हो. नुकत्याच संपलेल्या सिनेमातला पाटलाच्या वाड्याचा दर्शनी भाग स्टुडिओत पडून होता, तो उसना आणला. खोलीच्या मागच्या भिंतीपुढं हातभर अंतर सोडून उभा केला. मधोमध नक्षीचं दार, दाराला पितळी कडी, कडीला हे एवढं कुलूप. बघणाऱ्याला वाटावं, आत निदान पंधरा माणसं झोपत असतील. मामांनी जमिनीवर खडूनं चौकोन काढला. "पावणं हितं बसणार. म्हंजे कॅमेरा हितं." माझा कपबशांचा सेट आला. एका कपाचा कान मोडलेला, तो भिंतीकडं तोंड करून ठेवला. माझी खुर्ची आली. ती कुणी बसायला नव्हती, नुसती शोभेला. सेटची उघडी कड झाकायला मामांनी ती कोपऱ्यात ठेवली.

रविवारी दुपारी पाहुणे आले. सलीम, नानी आणि पुढं पुढं कादर. मामांनी चटईकडं हात केला. "बसा, बसा."

"गुडघं धरल्यात माझं," नानी म्हणाली, आणि सरळ जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली.

मामांचा चेहराच उतरला. तिथून सेटची मागची बाजू स्वच्छ दिसत होती. बांबू, गोणपाट आणि फळीवर रंगानं लिहिलेलं, 'मागे उभे राहू नये'.

"नानी, तितं नगा! हितं बसा!"

"का?"

"तितं... वारं लागतंय."

"वारंच पायजे मला. उकडायलंय."

आता मुलीला बोलवायचं. आणि त्या क्षणाला माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळे केवढे मूर्ख आहोत. मुमताज माझ्या माडीवर नटून बसली होती. आतली खोली आहे म्हटल्यावर मुलगी आतून यायला नको? ती आली गल्लीतून. डोक्यावर पदर, हातात पोह्याची ताटली.

नानीनं तिला खालीवर बघितलं. "पोरगी रस्त्यावनं कशी आली वो?"

"शिकवणीला गेलती," कादर म्हणाला.

"पोहं घिऊन?"

 सलीम तेवढा पोहे खात होता. नानीनं मुमताजला चार प्रश्न विचारले, मुमताजनं नीट उत्तरं दिली, आणि मला वाटायला लागलं, सुटलो. तेवढ्यात नानी उठली.

"मिस्त्री, असरची येळ झाली. आतली खोली उघडा. नमाज पडून घेते."

 दारामागं काहीच नाही याची कादरला कल्पनाच नव्हती, त्याला चेव चढला. "उघडा की! लै मोठी खोली हाय नानी, म्या सोता बघिटलीया. पश्चिमेला खिडकी हाय."

मामांच्या मुठीत किल्ली होती. मामींनी बापड्यांनी वाट काढून दिली. "किल्ली गवसंना व्हय वो?" नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. मामांनी मुमताजकडं बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. त्यांना तो पोरगा जावई म्हणून किती हवा होता हे मला माहीत होतं, आणि मी मनात ओरडत होते, म्हणा व्हय, मामा, म्हणा!

"गवसलीया," मामा म्हणाले. "नानी, सिनेमासाठी म्या देऊळ केलं, मशीद केली, जन्नतसुदीक केली एकदा. पर खऱ्या नमाजाला खोटी खोली द्यायची माझ्यानं हुणार न्हाय."

आणि त्यांनी कुलूप काढलं. दार झोकात उघडलं, बिजागरीला तेल घातलेलं होतं ना. आत हातभरावर भिंत. भिंतीवर एक पाल, तीही दचकली.

सगळ्यांनी कादरकडं बघितलं.

"तवा आत अंधार हुता," कादर म्हणाला.

"एकच खोली हाय, नानी," मामा म्हणाले.  "हीच. बाकी समदी पुढची बाजू. पर पोरगी तेवढी चारी बाजूंनी पक्की हाय."

 "चादर द्या," नानी एवढंच म्हणाली. मामींनी कारखान्यात भुसा झाडून चादर अंथरली आणि नानी तिथं नमाजाला उभी राहिली.  मामा दोन्ही कानांवरच्या पेन्सिली काढून हातात घेऊन बसले होते. सलीम दिसेना. बघतो तर सेटच्या मागं शिरलाय. तिथून त्याचा आवाज आला, "मामा, हितला बांबू ढिला हाय. पडंल. सुतळी हाय काय?" मामांनी गुपचूप सुतळी दिली.

नानी आली. पुन्हा त्याच खुर्चीत बसली.

"ह्या कादरनं आमच्याबद्दल काय सांगिटलंय तुमास्नी?"

"पोराचं सोताचं दुकान हाय. वर माडी हाय."

"दुकान मालकाचं. ह्यो तितं कामाला हाय. माडी शेजाऱ्याची, पावण्यास्नी आमी लांबनं दावतो." नानी हसायला लागली, आणि हसता हसता खोकायला लागली. "मिस्त्री, आमची बी पुढचीच बाजू हाय! पर तुमी कुलूप तरी काढलंसा. मी सांगणार न्हवते."

कादर चपला शोधत होता.

"पोरी," नानी मुमताजला म्हणाली, "आमची बी एकच खोली हाय. त्यात मी हाय, आन् माझं तोंड दिवसभर चालू असतंय. येतीस?"

मुमताजनं डोळे पुसले. "आमच्या घरात अब्बा हायती, नानी. मला सवय हाय."

माझ्या कपांतून चहा झाला. कान मोडलेला कप कादरला दिला.

पाहुणे गेल्यावर मी हातोडीच आणून मामांपुढं धरली. "मारा खिळा. लग्न सेट झालं! डिक्शनरीत नाही, पण मी देते होकार."

"झालं कुठं? ठरलंय नुसतं," मामा म्हणाले. "नांदताना बघिटल्याबिगर खिळा न्हाय." त्यांनी एक खिळा काढून शर्टाच्या खिशात टाकला.

लग्न झालं, मुमताज मुरगूडला गेली. पुढं चार वर्षांनी मी सांगलीला परतले. पत्रं यायची, मामी सांगायच्या आणि गल्लीतलं कुणी तरी लिहायचं. त्यात एक वाक्य ठरलेलं: खिळा अजून खिशात आहे, धुताना हाताला लागतो, तुम्ही तरी सांगा.

ऐंशी साल उलटल्यावर एका विद्यार्थिनीच्या लग्नाला मुरगूडला गेले, तेव्हा मुमताजचं घर विचारत निघाले. गल्लीत शिरले आणि जागच्या जागी हसत सुटले. समोर तेच दार! तीच नक्षी, तीच पितळी कडी. म्हटलं, मामांनी इथंही पाटलाचा वाडा उभा केला. मी कौतुकानं दारावर थाप मारली. हात दुखला. अस्सल सागवान होतं.

दार ढकललं तर आत खोली. खरी, मोठी, पश्चिमेला खिडकी असलेली. खिडकीपाशी नानीची चटई. भिंतीला एक नवं कपाट, आणि कपाटाच्या मागून दोन पाय बाहेर आलेले. पॉलिशचा कागद घासल्याचा आवाज येत होता.

"मामा?"

"कोण? बाई? या की! बसा. म्या जरा मागनं पॉलिश करायलोय."

मला राहवेना. "मामा, मागनं कोण बघणार हाय?"

कागद थांबला. मामा भुशानं माखलेले बाहेर आले. केस सगळे पांढरे, कानांवर दोन पेन्सिली.

"हितं कॅमेरा न्हाय, बाई," ते म्हणाले. "हितं पोरगी ऱ्हातीया."

मुमताज पाणी घेऊन आली. तिच्या पदराला धरून एक मुलगी, कडेवर दुसरी. मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मामा आमच्याकडं बघत उभे होते. मग त्यांनी खिशात हात घातला. खिळा गंजून तांबडा झाला होता.

"बाई, हाय न्हवं होकार?"

"आहे, मामा. केव्हाचा आहे."

त्यांनी मुमताजच्या दाराच्या सागवानी चौकटीत तो पुरा ठोकला, अगदी डोकं बुडेपर्यंत. बाहेरून नानी ओरडली, "कोण ठोकतंय रं?"

"म्या हाय, नानी! लगीन सेट झालं!"

"आता? दोन पोरी झाल्या की!"

"खात्री नगं व्हय?" मामा म्हणाले आणि पुन्हा कपाटाच्या मागं शिरले.

माझी यष्टी होती. निघताना दारातून वळून बघितलं. "येते, मामा," म्हटलं. "पुन्हा या, बाई. तुमच्या कपाटाची फळी ऱ्हायलीया," आतून आवाज आला. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. निघताना शेवटचे दिसले तेही दोन पायच, आणि कागद घासल्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येत होता.